एकवीस रोपांचा ‘पर्माकल्चर संच’: दोन उन्हाळ्यांनंतरचे मत

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात कोल्हापूर शहराबाहेरच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून मी ‘पर्माकल्चर परसबाग संच’ या नावाने मिळणारा २१ खाद्य वनस्पतींचा संच ४,२०० रुपयांना घेतला. पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रीतीने, दीर्घकाळ टिकेल अशी बाग किंवा शेती उभी करण्याची पद्धत. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहायचे आहे त्या कोणत्याही दुकानात पिशवी हातात घेऊन तपासता येतात. अभिप्राय लिहायला एवढा उशीर का केला, असे कोणी विचारील. रोपे आणली त्याच आठवड्यात लिहिला असता, तर भरभरून कौतुक केले असते. आपल्याकडे जूनमध्ये काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. रोपाची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि पहिल्या मे महिन्यात आपण कौतुकाने बादल्या ओततो, म्हणून खरे तर दुसऱ्या.

आमचे घर उजळाईवाडीच्या बाजूला आहे. मागे दीड गुंठा मोकळी जागा, वर वीतभर माती आणि खाली मुरूम. शहराच्या परिसरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये उरकतो आणि मुरमातून निघूनही जातो. मार्चपासून आमच्या बोअरला अर्धा तासच पाणी येते. म्हणजे इथल्या झाडाला आधी चार महिने ओल्यात उभे राहावे लागते आणि पुढचे सात-आठ महिने तहान काढावी लागते. ही दोन्ही दुखणी ज्याला सोसतात तेच झाड इथे कामाचे, आणि संच जुळवताना नेमका हाच विचार झालेला नाही.

दुसरा मे संपला तेव्हा २१ पैकी ९ रोपे उरली होती: शेवगा, कढीपत्ता, कागदी लिंबू, सीताफळ, आवळा, करवंद, हादगा, गवती चहा आणि ड्रॅगन फ्रूट. यांतील शेवटचे सोडले तर बाकीची नावे आमच्या आजीनेही न विचारता सांगितली असती. ड्रॅगन फ्रूटही निवडुंगाच्याच कुळातले आहे, तरी भर उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडल्या आणि एप्रिलमध्ये जुनी साडी बांधून सावली केली तेव्हा ते सावरले. गेलेल्यांमध्ये अॅव्होकॅडो, मँगोस्टीन, लिची, जायफळ आणि कोकम ही महागडी मंडळी होती. पुदिना आणि स्ट्रॉबेरी यांच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, त्यांना रोज पाणी लागते हे मलाच कळायला हवे होते.

जायफळ आणि कोकम यांच्याबद्दल मात्र थोडे अधिक लिहायला हवे. घाट उतरला की कोकण, त्यामुळे कोकणातले ते आपल्याकडेही येणारच, असा समज कोल्हापुरात सर्रास आढळतो आणि रोपवाटिकाही तो दूर करीत नाहीत. पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या दमट हवेत जे झाड सुखाने वाढते ते आमच्याकडे, शहराच्या पूर्वेला, मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आठवडाभरात करपते. शिवाय या दोन्हींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेले रोप नर निघाले तर कित्येक वर्षे वाढवूनही फळ धरत नाही, म्हणून मादी झाडाचे कलम घ्यावे लागते. संचातील रोपे कलमी नव्हती, आणि एकेकच होती.

अॅव्होकॅडोचे रोप मेल्यावर मी उपटून पाहिले. पिशवीच्या आकाराचा चिकट मातीचा गोळा जसाच्या तसा वर आला. दहा महिन्यांत एकही मूळ त्याच्याबाहेर पडलेले नव्हते आणि तळाशी मुळांचा दोराच्या गुंडाळीसारखा वेटोळा झाला होता. ही रोपे आंध्रातील कडियमहून ट्रकने आणली जातात, असे मालकांनी नंतर सांगितले. कडियम हा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे आणि लांबच्या प्रवासात गोळा फुटू नये म्हणून घट्ट माती वापरणे समजण्यासारखे आहे, परंतु लावण्यापूर्वी गोळा पाण्यात भिजवून मोकळा करावा, हे विकताना सांगायला काही खर्च येत नव्हता.

रोपवाटिका तीन महिन्यांची हमी देते. जूनमध्ये घेतलेल्या रोपाची हमी सप्टेंबरमध्ये संपते, म्हणजे पाऊस आहे तोवर जबाबदारी त्यांची आणि ऊन सुरू झाले की आपली. मी हे बोलून दाखवल्यावर मालकांनी सौजन्याने दोन रोपे फुकट दिली, तीही फेब्रुवारीत. त्यांचे काय झाले हे वेगळे सांगायला नको.

एवढे असूनही मी त्या रोपवाटिकेत पुन्हा जाते, याचे कारण मागची रांग. पुढच्या शेडनेटमध्ये रंगीत पाट्या लावलेले संच असतात आणि पाठीमागे, पाण्याच्या टाकीजवळ, तिथले वयस्कर मामा पोत्यांतून आणि फुटक्या डब्यांतून आपली लागवड सांभाळतात. संच घेतला त्याच दिवशी मी त्यांच्याकडे शेवग्याचे आणखी एक रोप मागितले, तर त्यांनी ते द्यायचे नाकारले. “पिशवीत मूळ वळतंय बघा काकी. रोप कशाला न्हेताय, बी घेऊन जावा आणि जागेवरच टोचा,” असे म्हणून त्यांनी वाळलेली शेंग मोडून हातावर दहा-बारा पंखाच्या बिया ठेवल्या. त्यांतले एक झाड दिवाळीपर्यंत संचातल्या शेवग्याच्या वर गेले. बी पीकेएम-१ या तमिळनाडूतील वाणाचे होते, जे वर्षाच्या आतच शेंगा देऊ लागते. आमच्याकडे पहिली शेंग मार्चमध्ये उतरली. शेवगा उंचवट्यावर लावण्याचा सल्लाही मामांचाच, कारण पाणी साचले की त्याचे मूळ कुजते. संचातल्या दोन पपया खड्ड्यात लावल्या होत्या, त्या जुलैतच बुंध्याशी मऊ पडून आडव्या झाल्या.

त्याच पोत्यांत सुरणाचे गड्डे, कोनफळ आणि सेलम हळद होती. माझ्या मते आपल्याकडच्या परसबागेसाठी याहून शहाणी खरेदी नाही. ही पिके पावसावर वाढतात, पाऊस सरल्यावर त्यांची पाने पिवळी पडतात आणि बोअर आटायच्या सुमारास ती जमिनीखाली झोपलेली असतात. जे झाड उन्हाळ्यात पाणीच मागत नाही त्याला पाणी कमी पडण्याचा प्रश्न येत नाही. मे महिन्यात पुरलेला पाव किलोचा सुरणाचा तुकडा डिसेंबरात सव्वा किलोचा निघाला. तोंडलीची छाटही मामांनी फळे धरणारा वेल दाखवूनच कापून दिली. संचात यांपैकी काहीही नाही, बहुधा गड्डा पिशवीत घालून त्याला चकचकीत चिठ्ठी लावता येत नाही म्हणून.

चिठ्ठ्यांबद्दल आणखी एक तक्रार. आवळ्यावर नुसते ‘कलमी’ असे लिहिले होते, वाणाचे नाव नव्हते. आवळ्याची फळधारणा जवळ दुसऱ्या वाणाचे झाड असल्यास चांगली होते; तेव्हा आमचा एन.ए.-७ वाणाचा असल्यास त्याच्या जोडीला कृष्णा किंवा कांचन वाण द्यायला हवा होता. आपल्याकडचा कोणता, हेच ठाऊक नसल्यावर जोड कसली शोधायची?

सोबत घेतलेल्या शेणखताच्या गोणीत इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या सात अळ्या निघाल्या. ऊस लावणाऱ्या कोणत्याही घरात ही मुळे कुरतडणारी हुमणी दाखवायची गरज नसते. खत पूर्ण कुजवून आणि चाळून विकणे ही किमान अपेक्षा आहे. आच्छादनासाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा गळ्यात मारण्याचा प्रयत्नही झाला, तो मी नाकारला. ऊसतोडणीच्या हंगामात शेजारच्या रानातून पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, फुकट मिळते, लोक ते जाळतातच. चार बोटे जाडीचे पाचट पसरल्यापासून लिंबाला तीन दिवसांआड द्यावे लागणारे पाणी मला आठवड्यातून एकदा पुरते. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी चढते.

पुढच्या शेडमधील मोठ्या फलकावर पर्माकल्चर ही ऑस्ट्रेलियातून आलेली पद्धत असल्याचे लिहिले आहे. शब्द तिकडचा आहे, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात तो रूढ केला, हे बरोबर आहे. पण पालापाचोळा कुजवून त्यावर परसात आणि गच्चीवर भाज्या-फळे पिकवण्याचा ध्यास घेतलेले, ‘प्रयोग परिवार’ ही प्रयोगशील शेतकऱ्यांची चळवळ उभी करणारे श्री. अ. दाभोळकर याच कोल्हापूरचे होते. त्या फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ नसावी, हे मला खटकते.

एकूण, संचाला पाचपैकी दोन आणि मागच्या रांगेला साडेचार. अर्धा कापला तो मामा दुपारी बाराला घरी जातात म्हणून; त्यांच्यानंतर तिथे उभ्या असलेल्या मुलाला सुरण आणि अळकुडी यांतला फरक सांगता आला नाही. सकाळी दहाच्या आत जावे, सुरण-हळदीसाठी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि सुट्टे पैसे व घरचे पोते सोबत न्यावे, कारण मागच्या रांगेत पिशवीही मिळत नाही आणि पावतीही.