डिपॉझिटमधले ३५,५०० आणि २७ नंबरचं बिल

बेळगावात अनगोळ, वडगाव, टिळकवाडी भागात भाड्यानं राहणाऱ्यांनी आणि चंदगड-खानापूरकडून उद्यमबागेत नोकरीला येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. घर सोडताना माझ्या ५०,००० रुपये डिपॉझिटमधून मालकांनी ३५,५०० कापले. हातात टेकवले १४,५००. कापलेल्यात माझ्याकडून खरोखर येणं होतं ते ६०० रुपये, स्वयंपाकघरातल्या मोडलेल्या नळाचे.

हिशेब वहीच्या फाडलेल्या पानावर होता. रंगाचे २२,०००, ओल आलेल्या भिंतीच्या गिलाव्याचे ८,०००, लाईट बिलाचे ३,०००, सफाईचे १,९०० आणि तो नळ. मी एकेक विचारायला लागलो तर म्हणाले, "रंग काय आपोआप लागतंय काय ओ? सगळ्यांचंच कापतोय की आम्ही. घरच्यासारखं राहिलासा, आता जाताना कशाला वाद?" साडेतीन वर्षं आम्ही त्यांना अण्णा म्हणत होतो. सणाला डबे इकडून तिकडे जायचे. आपल्या भाषेचा, आपल्यातला मालक मिळाला की बेळगावात माणूस निर्धास्त होतो, आणि मालकालाही ते पक्कं ठाऊक असतं.

सगळ्यात आधी लाईट बिलाची गोष्ट सांगतो, कारण ते खोटं लगेच उघडं पडलं. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घरगुती मीटरला ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत, बिल शून्य येतं, आणि भाडेकरूलाही तो लाभ घेता येतो. त्या मीटरच्या आर. आर. नंबरला, म्हणजे वीज ग्राहक क्रमांकाला, माझाच आधार नंबर जोडलेला होता. घर सोडताना तो डीलिंक करायला गेलो (तो करावाच, नाहीतर नव्या घरी सवलत अडकते) तेव्हा हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, शेवटचं बिलही काढून ठेवलं होतं. बाकी शून्य. ते दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "मग ते मोटारीचं असंल." पाण्याच्या मोटारीचं मीटर वेगळं आहे आणि ते त्यांच्याच मजल्यावर आहे.

भिंतीचंही तसंच. आपल्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं सांगायला नको. वर गच्चीला चीर होती. दर पावसाळ्यात ओलीचे फोटो मी व्हॉट्सॲपवर त्यांना पाठवायचो आणि "बघूया" असं उत्तर यायचं. हे मेसेज पुढे कामाला आले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूनं घर घेतलं तशा स्थितीत परत द्यायचं असतं, पण नेहमीच्या वापरानं होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. गच्चीतून झिरपलेलं पाणी तर वापरातही बसत नाही.

कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा आपल्या उपयोगी पडेल असं बऱ्याच जणांना वाटतं. मोठ्या शहरांत महिना ३,५०० आणि इतरत्र २,००० च्या वर भाडं असेल तर तो लागूच होत नाही. माझं भाडं ९,००० होतं. आज या आकड्यांत खोली तरी मिळते का? म्हणजे शेवटी आधार बॉन्डचाच, म्हणजे भाडेकराराचाच. माझं बॉन्ड ई-स्टँपवर, अकरा महिन्यांचं, दर वेळी नवं केलेलं. त्यात रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं.

रंगाचं बिल मागितलं तर आधी टाळाटाळ, मग व्हॉट्सॲपवर फोटो आला. वर खडेबाजारातल्या दुकानाचं नाव, खाली २२,००० चा आकडा, शिक्कासुद्धा. माझी बायको कारखान्यात अकाउंट्सला आहे. तिनं बघता क्षणीच बोट ठेवलं. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. बेळगावच्या दुकानाच्या बिलावर २७ नं सुरू होणारा नंबर होता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून दुकान कुणाचं ते कुणालाही फुकट बघता येतं. बघितलं, तर नाव भलतंच, आणि धंदा कापडाचा! सीमाभागात राहून माणसानं निदान हे दोन अंक तरी नीट लिहावेत.

यावरही मी कदाचित गप्प बसलो असतो. पण नव्या भाडेकरूशी ओळख निघाली. त्यांना "नुकताच रंग काढलाय" असं सांगून घर दिलेलं. आमच्या कॅलेंडरचा खिळा, मुलीनं पेन्सिलीनं काढलेल्या उंचीच्या रेघा, सगळं भिंतीवर जसंच्या तसं. माझ्या आधी तिथे राहिलेले गृहस्थ आता हिंदवाडीत असतात. त्यांनी जुन्या फोनमधून बिल काढून दाखवलं. तेच दुकान, तोच शिक्का, बिल नंबरही तोच. फक्त तारीख आणि रक्कम वेगळी. त्यांचे १८,००० होते.

पोलीस स्टेशनात "हे सिव्हिल आहे" एवढं ऐकून परत आलो. ग्राहक आयोगाकडे जा, असं कुणीतरी सुचवलं, पण नुसत्या घरभाड्याचा वाद तिथे सहसा टिकत नाही, असं वकिलांनी सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. पोचपावतीसह नोटीस पाठवली, त्यात दोन्ही बिलांचे फोटो जोडून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, म्हणजे फसवणुकीचा, उल्लेख केला. आणि जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात दाव्याआधीचा अर्ज दिला. त्याला कोर्ट फी नाही. तिथल्या लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. बायकांना तिथे उत्पन्न न बघता वकीलही मोफत मिळतो.

एक गोष्ट मात्र आधीच केलेली होती, तिनं तारलं. चावी घेताना अण्णांनी "हिशेब पूर्ण, काही बाकी नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली होती. मी सही केली, पण वर लिहिलं, "१४,५०० मिळाले, उरलेल्या कपातीला हरकत आहे." ते वैतागले, पण कागदाचा फोटोही मी तिथेच काढला. पैसे हातात यायची घाई असते, तेव्हाच हा कागद पुढे येतो. काही जण शेवटचे महिने भाडंच देत नाहीत आणि डिपॉझिट वळतं करतात. सोपं वाटतं, पण मग भाडं थकवणारे म्हणून आपलीच बाजू लंगडी पडते.

लोकअदालतीत अण्णा बिलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "मुलानं केलं ओ ते" एवढंच म्हणाले. नळाचे ६०० मला मान्यच होते, सफाईचे १,९०० मी वाद मिटवायला सोडले. उरलेले ३३,००० दोन चेकनी आले, दोन्ही वटले.

हिंदवाडीच्या गृहस्थांना मात्र काही करता आलं नाही. पैशाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि ती मुदत मी त्या घरात राहत असतानाच संपली होती. नव्या भाडेकरूला मी भिंतींचे तारखेसकट फोटो आणि दोन्ही बिलं पाठवून दिलीत. त्यांचं बॉन्ड जूनमध्ये संपतंय.