मोडीत घालू की दिवाणखान्यात मांडू? जुनं तांबं आणि नवं तांबं

"मावशी, आजीचा बंब आणि घंगाळ मोडीत घातलं तर किती येतील?" जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतलेल्या माझ्या भाचीने मागच्या महिन्यात विचारलं. दिवाणखान्यात तांबं तिला हवंच होतं, पण दुकानातलं. छतावरून लोंबणारा दिवा, भिंतीवरची मोठी तबकडी आणि तांब्याचा पत्रा चढवलेला टीपॉय. माळ्यावर काळं पडलेलं सामानही तांब्याचंच आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या निमित्ताने आम्ही दोघींनी दोन्ही बाजू नीट पाहिल्या. असाच पेच पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आपल्याकडे तांब्याचं फर्निचर असं कधी नव्हतं. झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या, पाट-चौरंग लाकडाचे, आणि तांबं होतं ते भांड्यांत: हंडा, कळशी, घंगाळ, परात, बंब, देवघरातलं ताम्हण. त्यामुळे 'जुन्या तांब्याने घर सजवायचं' म्हणजे बहुतेक वेळा भांड्यालाच नवी जागा द्यायची. कोणी शंभर वर्षांपूर्वीचा तांब्याचा टीपॉय म्हणून काही विकू लागला, तर आधी चार प्रश्न विचारा. कायद्याने (१९७२चा पुराणवस्तू कायदा) धातूची कलावस्तू किमान १०० वर्षांची असली तरच ती पुराणवस्तू ठरते. आजीच्या लग्नातला हंडा त्यात बसत नाही. पण त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही.

जुन्याची खरी ताकद घडणीत आहे. तांबं मऊ असतं, पण हातोडीचे ठोके बसत गेले की कडक होत जातं. तांबट ओळीने ठोके देत भांडं मठारतात ते नुसत्या नक्षीसाठी नव्हे, त्याने पत्र्याला ताकद येते. पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत हे मठारकाम आजही चालतं. प्रत्येक ठोक्याचा छोटासा पैलू वेगळ्या कोनात उजेड परतवतो, म्हणून जुनं घंगाळ खिडकीपाशी ठेवलं की दिवसभर त्याचा रंग हलत राहतो. यंत्रावर दाबून काढलेल्या गुळगुळीत तबकडीत ही मजा नाही. नव्यातही ठोक्यांची नक्षी मिळते, पण साच्यातली असेल तर सगळे ठसे अगदी एकसारखे दिसतात. हाताचे ठोके कधीच तसे नसतात.

जुनं ओळखायची आणखी एक खूण म्हणजे सांधा. पत्र्याच्या कडा एकमेकींत दातांसारख्या बसवून पितळाने झाळलेल्या असतात, म्हणून तांबड्या अंगावर पिवळसर दातेरी रेघ दिसते. आतून भांडं पांढरं दिसलं तर ते खोटं समजू नका. ती कथलाची कल्हई असते.

नव्याकडे वळताना मात्र सावध राहायला हवं, कारण 'कॉपर' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, सबंध तांब्याची. दुसरी, लाकडावर किंवा प्लायवर तांब्याचा पत्रा बसवलेली. तिसरी, लोखंडावर किंवा ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा नाहीतर रंग दिलेली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि शोभेचा मुलामा बहुधा त्याहून बराच पातळ. खिशात लोहचुंबक घेऊन जा. चिकटला तर आत लोखंड आहे. चिकटला नाही म्हणून शंभर टक्के तांबं असंही नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. मग तळाची न दिसणारी कड बघा, ओरखड्यात पांढरं किंवा पिवळं डोकावतं का ते. वजनही बोलतं: तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. तिसरा प्रकार वाईटच असं मी म्हणणार नाही. उंचावर टांगायच्या दिव्याला तो हलका म्हणून बराच. फक्त तांब्याचा भाव देऊन तो घेऊ नका.

आता सोलापूरचा प्रश्न. आपली हवा बहुतेक वर्षभर कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा हिरवा जंगाल इथे लवकर धरत नाही. तपकिरी-काळपट राप चढतो, आणि तो मला तरी सुंदर वाटतो. आपला त्रास धुळीचा आणि जड पाण्याचा. धुतलेलं भांडं तसंच वाळू दिलं की पांढरे डाग उमटतात. म्हणून चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ही मेहनत नको असेल तर नवं बरं, कारण त्यावर बहुधा पारदर्शक लॅकर असतं आणि पुसलं की झालं. पण लॅकर असलेल्या वस्तूला चिंच लावू नका. थर तुकड्यातुकड्याने निघतो आणि तांबं पट्ट्यापट्ट्यांनी काळवंडतं. जुन्याला हा धोका नाही. ते कितीही वेळा काळं होऊन पुन्हा उजळतं.

टीपॉयबद्दल माझं मत ठाम आहे: सपाट पृष्ठभाग हवा असेल तर नवं घ्या, पण जाड पत्र्याचं. पातळ पत्र्याला पोचे लवकर पडतात, लिंबू सरबताचा थेंब राहिला तर ठिपका उमटतो. नाहीतर घंगाळाच्या काठावर रबराच्या चकत्या ठेवून वर गोल काच बसवा. खाली सोलापुरी चादर घातलेली बैठक असेल तर ती उंची अगदी बरोबर येते. लोखंडी तिवईवर तांबं ठेवणार असाल तर मध्ये रबर किंवा लाकूड हवंच. ओल राहिली की तांब्याला लागून असलेलं लोखंड झपाट्याने गंजतं. गच्चीत झाड लावायला मात्र दोन्ही नको. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तांबं हात लावू देत नाही, मग मुळांचं काय होईल!

दिव्याच्या बाबतीत भाचीचं बरोबर होतं. जुन्या कळशीला भोक पाडून दिवा करणं मला पटत नाही. नवा दिवा सरळ घ्यावा, आणि त्यात पिवळसर प्रकाशाचाच बल्ब लावावा, पांढऱ्याखाली तांबं मेल्यासारखं दिसतं. अपवाद बंबाचा. त्याच्या मधोमध विस्तवाची नळी आरपार असते, त्यातून वायर सहज जाते, भोक पाडावंच लागत नाही.

पैशाचं गणित सोपं आहे. जुनं वजनावर विकलं जातं, तेही मोडीच्या भावाने, म्हणजे घडणावळ शून्य. नवं नगावर मिळतं, त्यात घडणावळ, वाहतूक, दुकानदाराचा नफा सगळं आलं. एक देऊन दुसरं घेणाऱ्याला दोन्हीकडून फटका. म्हणून घरात जुनं असेल तर ते ठेवा आणि दिव्यापुरतं नवं घ्या. घरात काहीच नसेल तर सबंध तांब्याची एकच वस्तू घ्या, मुलाम्याच्या पाच नकोत. तळ फाटलेली, सांधा सुटलेली भांडी खुशाल मोडीत घाला. आमच्या दोन कळशा तशाच गेल्या.

बंब आता भाचीच्या दाराशी उभा आहे. घंगाळ घासलं तेव्हा काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली: भाचीच्या आजीचं नाव, आणि पुढे 'मामाकडून भेट'. तुमचं भांडं पॉलिशला देणार असाल तर आधी काठ तपासा, आणि अक्षरं सापडली तर तेवढ्या जागी बफिंगचं यंत्र फिरवू नका असं दुकानदाराला बजावून सांगा. यंत्राखाली ती कायमची पुसली जातात.