मायोलॅनियाचं रेझिन किट: डोकं झकास, मान फसलेली

मायोलॅनिया म्हणजे नामशेष झालेलं शिंगवालं कासव. नागपूरच्या सीताबर्डीत १,८५० रुपयांना मिळणाऱ्या त्याच्या या अकरा भागांच्या किटच्या खोक्यावर ‘डायनासोर युगातलं कासव’ असं छापलंय. ते खरं नाही. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. मायोलॅनियाच्या भावकीतली हाडं मात्र पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवर जेमतेम २,८०० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या उकिरड्यात सापडली, तीही बहुतेक पायांची. किटमधलं कासव ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरचं. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८८६ मध्ये त्याला नाव दिलं, तेव्हा ते त्यांना सरडा वाटलं होतं.

कवटीचे पैसे वसूल आहेत. शिंगं मागे आणि बाहेर वळलेली, अगदी हवी तशी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या निंजेमिस या त्याच्या भाऊबंद कासवाची शिंगं आडवी असतात. स्वस्त खेळण्यांत दोघांची खिचडी होते, इथे झालेली नाही. शेपटीवरची हाडांची कडी आणि टोकाचा काटेरी सोटाही नेटका आहे.

घोळ मानेत आहे. डोकं अर्धं कवचात ओढलेलं दाखवलंय, आणि एवढी शिंगं असताना ते आत जाणारच नाही. (मान आडवी वळवून लपवणाऱ्या कासवांतलं जैनेमिस हे जीवाश्म कासव आपल्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्यात सापडलं; पण त्याला शिंगं नाहीत, त्यामुळे त्याचं किट कोण काढणार!) मान बारीक करवतीने कापा, दोन मिमी तार घालून डोकं सेंटीमीटरभर पुढे आणा आणि फट एम-सीलने भरा. पाय समुद्री कासवासारखे चपटे दिलेत. हा जमिनीवर चालणारा प्राणी, तेव्हा तळवे घासून जाड खांबासारखे करा. घासताना ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा.

जोडणीआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सालपटासारखा निघतो. शेपूट वाकडी आली तर मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. फेव्हीक्विक कूलरसमोर लावू नका. दमट हवेत सांध्याभोवती पांढरी झाक येते. स्प्रे प्रायमर मे महिन्यात सकाळी सातच्या आत मारा. दुपारी तो हवेतच सुकतो आणि कवचावर रवाळ बसतो.

शिंगांची टोकं नाजूक आहेत आणि खोक्यात जादा जोडी नसते. पैसे देण्याआधी काउंटरवरच खोकं उघडून ती बघा.