नमुने अस्सल, रीळ बनावट: हॉट स्वॅप चिपच्या खरेदीत झालेली फसवणूक

२०२१ साली जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा होता आणि आमच्या भोसरीतील लहान कारखान्यात टेलिकॉम उपकरणांची कार्डे केवळ एका चिपसाठी अडून पडली होती. ती चिप म्हणजे एलएम५०६७-२ हा हॉट स्वॅप कंट्रोलर, म्हणजे वीज चालू असतानाच कार्ड बसवता-काढता यावे यासाठीची नियंत्रक चिप. उणे ४८ व्होल्टच्या चालू रॅकमध्ये कार्ड खोचताच त्यावरचे रिकामे कपॅसिटर एकदम मोठा करंट ओढतात. ही चिप मॉस्फेट (विजेच्या वाटेवरचा ट्रान्झिस्टर स्विच) हळूहळू उघडून तो करंट आवरते, त्यामुळे शेजारच्या कार्डांना धक्का बसत नाही.

अधिकृत वितरकाने जवळजवळ वर्षभराची मुदत सांगितली. त्याच आठवड्यात एका दलालाचा फोन आला. तिप्पट भावाने पाचशे नग तयार आहेत, मात्र पैसे आगाऊ हवेत, असे त्याने सांगितले. त्याने पाठवलेले पाच नमुने आम्ही मुद्दाम शॉर्ट करून तपासले आणि ते निर्दोष निघाले, म्हणून पूर्ण रक्कम भरली. चिपांच्या पट्टीचे रीळ आल्यावर मात्र घाईत प्रत्येक कार्ड फक्त चालू करून पाहिले.

या चिपचे दोन प्रकार आहेत. दोष आढळल्यावर ‘-१’ प्रकार सप्लाय तोडून पुन्हा देईपर्यंत बंदच राहतो, तर ‘-२’ ठरावीक वेळाने आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. एरवी दोन्हींचे काम सारखेच चालते. आम्हाला मिळालेल्या रिळात ‘-१’ चिपा होत्या. त्यांचा माथा घासून, काळा लेप देऊन त्यावर ‘-२’चे मार्किंग छापले होते.

चार महिन्यांनी साइटवरून तक्रारी सुरू झाल्या. कार्ड मध्येच बंद पडे, तंत्रज्ञ डोंगरावरच्या टॉवरपर्यंत जाई, कार्ड काढून पुन्हा बसवी आणि ते तत्काळ सुरू होई. कार्ड काढले की सप्लाय तुटतो आणि चिपचे लॅच (दोषानंतर बंदच राहण्याची स्थिती) सुटते, हे लक्षात न आल्यामुळे आम्ही कनेक्टर सैल आहे असे धरून चाललो आणि कनेक्टर बदलण्यात दोन महिने घालवले. त्या काळात तंत्रज्ञांना भर पावसात जे हेलपाटे घालावे लागले, त्यांची खंत मला पैशांपेक्षा अधिक आहे.

अखेर परत आलेल्या एका कार्डाचे आउटपुट शॉर्ट करून चिपच्या गेटच्या पायावर, म्हणजे मॉस्फेट उघडणाऱ्या पिनवर, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लावला. अस्सल चिपच्या जुन्या कार्डावर थोड्या थोड्या वेळाने पल्स उठत होता. या कार्डावर एकदाच उठला आणि नंतर रेषा सपाट राहिली. मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस चिपवर फिरवला, तो काळा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच दिशेने घासल्याचे ओरखडे दिसले आणि पहिल्या पायाजवळची गोल खूण लेपाने अर्धी बुजलेली होती. हीच तपासणी रिळाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या नगांवर आधीच केली असती, तर एकही कार्ड बाहेर गेले नसते.

आम्ही जाब विचारल्यावर दलाल म्हणाला, “उरलेला माल परत पाठवा, मग पैशांचे बघू.” आम्ही तो पाठवला नाही, कारण तोच माल दुसऱ्या कोणाच्या कार्डात गेला असता आणि आमचा पुरावाही हातचा गेला असता. आठवडाभरात त्याचा नंबर बंद झाला. रिळाचे लेबल, बिल, छायाचित्रे आणि काही नग पोलिसांकडील तक्रारीसोबत दिले. उरलेल्या चिपा निम्म्या दराने मागणारा एक जण भेटला होता. त्या विकण्याऐवजी आम्ही हातोडीने फोडून टाकल्या.