टीमसाठी स्लॅक की डिस्कॉर्ड? आमच्या पाच जणांचा अनुभव

"डिस्कॉर्ड? ते तर गेम खेळणाऱ्या पोरांचं ना?" हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागलाय की आता मी स्लॅकची जन्मकथा सांगतो. (दोन्ही टीमनं चॅट आणि कॉल करायची ॲप.) ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम २०१२ मध्ये बंद पडला. तो बनवणाऱ्यांनी आपापसात बोलायला जे साधन केलं होतं, त्याचंच पुढे स्लॅक झालं. डिस्कॉर्ड २०१५ चं, तेही गेम बनवणाऱ्यांच्याच हातचं. म्हणजे माहेर दोघींचं एकच. एक सुटाबुटात ऑफिसला गेली, इतकंच.

आम्ही पाच जण, तीन गावांत, घरूनच काम करतो. आधी स्लॅक वापरायचो. कामाच्या गप्पा नीट लावून ठेवायला ते सरस आहे, हे मान्य. थ्रेड (एकाच मेसेजखाली चालणारं त्याचं वेगळं बोलणं) तिथे जितके अंगवळणी पडतात तितके डिस्कॉर्डवर पडत नाहीत. स्लॅकवर फुकटात मात्र नव्वद दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही. डिस्कॉर्डवर जुनं सगळं शाबूत राहतं.

पण आम्ही डिस्कॉर्डवर हललो ते वेगळ्याच कारणानं. मला एक ओळ विचारायची असायची. त्यासाठी आधी लिहायचं, "दोन मिनिटं आहेत का?" अर्ध्या तासानं उत्तर यायचं, "हो, बोल." तोवर मी जेवायला बसलेलो. मग लिंक, मग "आवाज येतोय का?", मग तिसऱ्याला बोलवा. दोन मिनिटांच्या प्रश्नाला अख्खी दुपार जायची. ॲपचा दोष म्हणणार नाही, सवय आमचीच. पण कॉल म्हटला की तो 'लावावा' लागतो, आणि लावायचा म्हणजे मुहूर्त आला.

डिस्कॉर्डचा व्हॉइस चॅनल, म्हणजे बोलायची खोली, लावावा लागत नाही, तो असतोच. आमच्याचं नाव 'कट्टा'. कोण बसलंय ते बाहेरून दिसतं. क्लिक केलं की आत. बराच वेळ कुणी बोलत नाही, मधूनच कोल्हापूरकराच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. मोजमाप काही केलेलं नाही, पण "दोन मिनिटं आहेत का" हे वाक्य मी कित्येक महिन्यांत टाइप केलेलं नाही.

खटकतं तेही सांगतो. कोण कुठला गेम खेळतोय हे नावाखाली झळकतं. भर कामाच्या वेळी एकाच्या नावाखाली ते दिसलं. खेळत होता त्याचा भाचा. सेटिंगमधून बंद करा, पहिल्याच दिवशी. सर्व्हरपुरतं (म्हणजे डिस्कॉर्डवरच्या टीमच्या जागेपुरतं) खरं नावही लावून घ्या, नाहीतर हिशोबाबद्दल 'काळाघोडा९९'शी बोलावं लागतं. मोठ्या कंपनीत आयटीवाले ऐकणार नाहीत. तिथे वाद घालू नये.

स्वयंसेवकांचा गट असेल तर मला तरी फार विचार करावासा वाटत नाही: डिस्कॉर्डवर रोल, म्हणजे ज्याची त्याची भूमिका, देऊन कुणाला काय दिसावं ते ठरवता येतं, आणि माणसं वाढली म्हणून माणशी पैसे पडत नाहीत. बाहेरच्या ग्राहकांशी बोलायचं असेल तर स्लॅक राहू द्या. आम्हीही ठेवलंय. महिन्यातून दोनदा उघडतो. कट्ट्यावर आत्ता, हे लिहिताना, तिघं बसलेत.