जुनी रोड सायकल की नवी हायब्रिड?

माळ्यावरची जुनी रोड सायकल (बारीक टायर, खाली वाकलेलं हँडल) काढावी की नवी हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) घ्यावी, असं एका मैत्रिणीने विचारलं. मधे बरीच वर्षं गेली, वजन वाढलं, आणि आता ऑफिसला पुन्हा सायकलनेच जायचंय.

खर्चात जुनी स्वस्तच. तरी टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि केबल बदलायची तयारी ठेवा; नुसतं पडून राहूनही रबर कडक होतं, भेगा पडतात.

खरा प्रश्न मजबुतीचा. भार जास्त येतो तो मागच्या चाकावर. शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून पाहा. ढिले लागले तर चाक आधी कसून घ्या. रोड सायकलच्या २३-२५ मिमीच्या टायरमध्ये हवा जरा कमी झाली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटते. हायब्रिडचे ३५-४० मिमीचे टायर तोच दणका सहज सोसतात. नवी घेताना कंपनीने दिलेली वजनमर्यादा वाचाच, बॅगचं वजनही धरून.

बसायला हायब्रिडच बरी. हँडल उंच असल्याने पोट मांड्यांना अडत नाही, श्वास मोकळा राहतो. माझ्या मते सुरुवातीला हेच सगळ्यात मोलाचं.

अंतर थोडं, रस्ता गुळगुळीत आणि फ्रेम धड असेल, तर जुनीच दुरुस्त करा. रस्ता खडबडीत असेल किंवा पाठ-मनगटं दुखत असतील, तर हायब्रिड घ्या.