नूतन झेला: दोन सीझन वापरून झाल्यावर

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला (झाडावरून आंबे उतरवायची जाळीची काठी) दोन वर्षं वापरतोय, रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ आमची हापूसची ७० कलमं आहेत. ४ स्टार. एक का कापला ते पुढे सांगतो.

आधी साधा झेला होता, बांबूला कडी आणि जाळी, आंबा अडकवायचा नि हिसडा द्यायचा. हिसड्याने आंबा देठातून सुटतो, चीक उडतो आणि जिथून ओघळेल तिथे साल काळी पडते, असा एक जरी पेटीत वर दिसला की दलाल भाव पाडायला मोकळाच. शिवाय देठ नसला की पिकताना तिथूनच कुजायला लागतो, आढीत हात घातला की बोट आत. नूतन झेल्याला पुढे पातं आहे, त्यात देठ धरून काठी ओढली की देठ कापला जातो नि आंबा जाळीत, पेराएवढा देठ शाबूत. ना मोटर ना ॲप. आमचा नेपाळी गडी पहिल्या दिवशी जाम वैतागलेला, नेमच बसेना, आता जुना झेला हातात धरत नाही.

हे ज्याने काढलं तो कधीतरी कलमाखाली मान वर करून उभा राहिला असणार, ऑफिसात बसून चीक तोंडावर उडत नाही. नाहीतर मोहोर आला की औषधवाले दारात हजर, तुडतुड्यांना हे मारा, फुलकिड्यांना ते मारा, आणि यंदाचं पुढच्या वर्षी लागू पडत नाही म्हणून परत नवीन. त्याच्यावर संशोधन होणारच हो, बाटली दरवर्षी विकली जाते. झेला एकदा घेतला की विषय संपला, मग त्यात कंपनी कशाला पैसे घालेल? म्हणून असली कामं सरकारी पैशातूनच व्हायला हवीत आणि कुठली करायची ते बागायतदाराला नि गड्याला, दोघांनाही विचारून ठरवा. मला विचारलं तर पहिले फुलकिडे, फवारण्या कमी होतील असं काहीतरी, आणि मग वानर. (वानरांवर कोणी खरंच काही काढलं तर ५० स्टार देईन.)

पण सगळं शास्त्रज्ञांच्या माथी मारायला नको. साक्याच्या (बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या हापूसचा आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो त्याच्या) नावाने आपण वर्षानुवर्षं रडतो, तर याच विद्यापीठाने १९८१ लाच रत्ना दिलाय, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका नाही. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं म्हणून आम्हीपण हापूसच लावतो. माझ्याकडे रत्ना किती? दोन कलमं, तीपण घरी खायला.

आता तो कापलेला स्टार. दोष डिझाइनचा नाही, मी ज्या दुकानातून घेतला त्यांनी पात्याला पातळ पत्रा मारलाय, दुसऱ्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये वाकलं. नुसतं पातं मागायला गेलो तर म्हणे सुटं मिळत नाही, नवीन झेलाच घ्या. आमच्या गावच्या लोहाराने तासाभरात जाड पातं ठोकून दिलं आणि ते बघून वाडीतल्या तिघांनी करून घेतलं.

घेणार असाल तर दुकानातच अंगठ्याने पातं दाबून बघा, वाकलं तर ठेवून या. आणि आंबा चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण तयार, झाला की सकाळी ऊन चढायच्या आत काढा, त्याला झेला कुठलाही असो.